बिनविरोध

ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्यातला, जुलैमधला वॉलॉंगॉंगचा वारा माणसाला घरात स्वस्थ बसू देत नाही, आणि त्या वर्षी सरकार बाहेर जाऊ देत नव्हतं. व्यायामाला परवानगी होती, पण माणूस एकच टेकडी किती वेळा चढणार? मी मागच्या अंगणात येरझाऱ्या घालायचे. स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून परत दारापर्यंत. गवतात पायवाट पडली. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्याची कोविड वॉर्डात ड्यूटी, म्हणून तो गॅरेजवरच्या खोलीत वेगळा राहत होता. एका घरात राहून आम्ही नवरा-बायको एकमेकांना मेसेज करत होतो. मी इंजिनिअर आहे, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं करते, म्हणजे सरळ सांगायचं तर गटारं आखते. गटारं घरी बसूनही आखता येतात. मन मात्र कशातच लागत नव्हतं. एक ईमेल अर्धी टाकून दुसरी उघडायची, भाजी अर्धी चिरून फोन हातात घ्यायचा, आणि फोनमध्ये बघायचं ते एकच. पुण्याहून काही आलंय का.

पुण्यात बाबा होते. कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्राला मुलं हिंग लावून विचारत नाहीत, पण बाबांच्या तासाला ग्रामपंचायतीची निवडणूकसुद्धा लढाईसारखी रंगायची. अजूनही कोथरूडच्या रस्त्यावर चांगले टक्कल पडलेले बाप्ये त्यांना वाकून नमस्कार करतात.

एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला. बेड कुठेच मिळेना. ते घरीच राहिले, आणि मावसभाऊ पिंपरीहून ऑक्सिजनचं मशीन कुठून तरी पैदा करून घेऊन आला. मी इथे बसून बोटाला लावायच्या त्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा फोनवर बघत होते. जायची सोय नव्हती. गेलेच असते तर परत यायची अजिबातच नव्हती, कारण भारतातून येणाऱ्या आपल्याच नागरिकांना या देशानं दार लावून घेतलं होतं, आलात तर तुरुंगात टाकू असं बजावून. मी तेव्हा नवऱ्यावर ओरडत होते, टीव्हीवर ओरडत होते. माझ्या हातात काही नव्हतं आणि मला ते सहन होत नव्हतं. बाबा वाचले. माझ्या मते नशिबानं वाचले, आणि नशिबावर दुसऱ्यांदा हवाला ठेवायला मी तयार नव्हते.

त्या आजारपणात आम्ही एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. त्याचं नाव 'बाबा'. त्यात मी, नवरा, पिंपरीचा मावसभाऊ, नागपूरची आत्या, बाबांचे डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि डबा देणाऱ्या बाई. बाबा त्यात नव्हते. यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. परदेशात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात असा एक ग्रुप आहे आणि ज्याच्या नावाचा ग्रुप, तो त्यात कधीच नसतो. केलीव्हिलच्या मैत्रिणीकडे 'आई हेल्थ' आहे. क्रेगीबर्नला राहणाऱ्या चुलत दिराकडे 'मिशन पपा' आहे. आई आणि पपांना याचा पत्ता नसतो, निदान आमची तशी समजूत असते.

जूनमध्ये ग्रुपनं ठरवलं की बाबांनी आता एकटं राहायचं नाही. खरं म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले. तळेगावच्या बाजूला ज्येष्ठांसाठी एक निवास होता. चोवीस तास नर्स, तळमजल्यावर खोली, बाग, डॉक्टर, ऑक्सिजन. मी इथूनच सगळं बघितलं आणि जागा पक्की केली. राहता राहिला प्रश्न बाबांना सांगायचं कसं, तर तोही ग्रुपनंच सोडवला. आत्या म्हणाली, सांगायचंच नाही. चार दिवस हवापालट म्हणून न्यायचं. एकदा रमले की आपोआप राहतील, तिच्या दिरांना असंच नेलं होतं. ऑगस्टमधला एक रविवार ठरला. मावसभाऊ गाडी घेऊन येणार होता.

मला या युक्तीचं फार काही वाटलं नाही, हे कबूल करते. एप्रिलनंतर मला त्यांच्या मताची नाही, त्यांच्या फुफ्फुसांची काळजी होती.

पण रोजचा फोन अवघड व्हायला लागला. इथली दुपार, तिथली सकाळ. मी विचारायचे, आकडा किती, गोळी घेतली का, वाफ घेतली का, जिना उतरला नाहीत ना. बाबा हजेरी दिल्यासारखं हो-नाही करायचे. मग दोन्हीकडे शांतता. पोटात गुपित ठेवून बापाशी शांत बसणं मला जमत नाही, म्हणून मी काहीतरी कारण काढून फोन ठेवायचे आणि पुन्हा कुंपणापर्यंत जायचे.

कुंपणापलीकडे एक आयरिश बाई राहतात. वयानं बाबांच्याच आसपास. विशीत इकडे आल्या, नवरा पोर्ट केम्बलाच्या स्टीलच्या कारखान्यात, त्या स्वतः हॉस्पिटलात नर्स. नवरा वारला, मुलं पार पर्थला. एकदा मी अशीच कुंपणाशी पोचले तर त्यांनी वरून कागदांचा एक गठ्ठा पुढे केला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावला होता. त्या आपल्या गावाच्या जुन्या मतदारसंघाचा इतिहास लिहीत होत्या. आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट होती तेव्हा या गावातून दोन खासदार जायचे. दोनशे वर्षांपूर्वी तो मतदारसंघच रद्द झाला. कोणीतरी नव्या नजरेनं वाचून सांगावं, समजतंय का ते, एवढीच अपेक्षा होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनात म्हणत मी गठ्ठा घेतला. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं की कोणालाच कुठे जायचं नाहीये.

संध्याकाळी वाचायला घेतलं आणि चिडले. गाव कुठल्या नदीवर आहे, गढी कोणी बांधली, राजानं सनद कधी दिली, सगळं होतं. मतदार किती होते ते मात्र कुठेच नव्हतं. मतदारसंघाच्या इतिहासात मतदारच नाहीत म्हणजे मधली पानं गळली असणार. आमच्या कामात अशी पानं गळली की पूल पडतात. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन सांगितलं की तुमची काही पानं राहिली आहेत. त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. म्हणाल्या, पानं राहिली नाहीत. मतदारच नव्हते.

मग त्यांनी समजावलं. सनदेत राजानं गावाला नगरसभा दिली होती. एक प्रमुख आणि बारा पंच. दोन खासदार निवडायचे ते या तेरा माणसांनी. गावातल्या इतर कोणाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पंच मेला की नवा पंच कोण निवडणार, तर उरलेले पंच. गाव ज्या जहागीरदाराच्या मालकीचं होतं त्यानं पहिले बारा आपले बसवले, आणि तिथून पुढे ते आपोआपच त्याचे राहिले. त्याचे भाऊ, भाचे, कारभारी, एक डब्लिनमधला वकील. त्यातल्या निम्म्यांनी गाव पाहिलेलंही नव्हतं. गावातले बहुतेक लोक कॅथलिक, त्यांना तर कायद्यानंच तिथे जागा नव्हती.

त्या दिवशीच्या फोनवर, हजेरी संपल्यावर, शांतता भरायला म्हणून मी बाबांना हे सांगितलं. गोळ्यांचं विचारताना येत नाही असा उत्सुक आवाज पलीकडून आला.

"मग मतं किती पडायची?" बाबांनी विचारलं.

मतं पडायचीच नाहीत, म्हटलं. खाणावळीच्या वरच्या खोलीत पाच-सात पंच जमायचे, जहागीरदाराच्या चिठ्ठीतली दोन नावं वाचायचे, आणि जेवायला बसायचे.

"म्हणजे बिनविरोध," बाबा म्हणाले आणि असे हसले की त्यांना खोकला आला. मी लगेच आकडा विचारला. त्यांनी सांगितला नाही. त्यांनी विचारलं की त्या दोन खासदारांपैकी कोणी गावात राहायचा का, आणि हे मला बाईंना विचारून यायला सांगितलं.

तिथून मी दोन म्हाताऱ्यांमधली पोस्टमन झाले. बाबा प्रश्न द्यायचे, मी कुंपणाशी जायचे, बाई उत्तर द्यायच्या, मी ते पुण्याला पोचवायचे. बाबांचं इंग्रजी पुस्तकी आणि बाईंचं इंग्रजी आयरिश, त्यामुळे दोघांना फोनवर समोरासमोर आणायचा माझा एकमेव प्रयत्न फसला होता. दोघंही फक्त मोठमोठ्यानं 'येस, येस' म्हणत राहिले. शिवाय नवरा म्हणाला तेही खरं होतं. गॅरेजच्या पायरीवर मास्क लावून बसला होता तो, मी अंगणात. म्हणाला, "अगं, लेट इट बी. तुला तेवढीच ॲक्टिव्हिटी आहे. नाहीतर तू माझे शिफ्टचे आवर्स मोजत बसतेस."

खासदार गावात राहायचे का? एकही नाही. एक जण लष्करातला होता, एक वकील, आणि एक तर केवळ सावकारांपासून पळायला खासदार झाला होता, कारण पार्लमेंटच्या सभासदाला कर्जासाठी अटक करता येत नसे. बाबांना हा फार आवडला. त्यांनी त्याला आपल्याकडचे दोन-तीन जण जोडून दिले, त्यांची नावं मी लिहीत नाही.

एकदाच काय ती खरी निवडणूक झाली होती. एक जहागीरदार मेला आणि त्याच्या दोन मुलांत जुंपली. थोरल्याकडे सहा पंच, धाकट्याकडे सहा, आणि प्रमुख कोणाच्याच बाजूला जाईना. मग दोघंही गाडीत घालून आपापले बाहेरगावचे पंच आणायला लागले, कोणाचा मेहुणा, कोणाचा शिकारीतला दोस्त. गावाच्या एकुलत्या एक रस्त्यावर दोन्हीकडच्या गाड्या समोरासमोर आल्या आणि कोणी मागे घेईना. गावकरी दारात उभे राहून बघत होते. त्यांच्याच गावची निवडणूक आणि ते प्रेक्षक. बाबांनी हा प्रसंग माझ्याकडून तीनदा ऐकला. शेवटी गाडी कोणी मागे घेतली, हे त्यांना कळायलाच हवं होतं, आणि ते बाईंनाही माहीत नव्हतं.

आता फोन मी करायच्या आधी त्यांचा यायला लागला. मी मीटिंगमध्ये असले तरी यायचा. मला बरं वाटायला हवं होतं आणि मी जास्तच अस्वस्थ होत होते, कारण ग्रुपवर दुसरंच चाललं होतं. तळेगावला थंडी असते, स्वेटर घ्या. गाडीत मधल्या सीटवर बसवू नका. घराच्या किल्ल्या कोणाकडे? सेक्रेटरींनी विचारलं, फ्लॅट भाड्यानं द्यायचा विचार आहे का, त्यांच्या पाहण्यात एक चांगलं जोडपं आहे. मी उत्तर दिलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात बाईंची धाकटी बहीण गावी वारली. त्यांनी अंत्यविधी टॅबलेटवर पाहिला. चर्चमध्ये मोजकी माणसं, प्रत्येक बाकावर एक. कॅमेरा मागच्या बाजूला लावलेला, त्यामुळे शेवटपर्यंत त्यांना सगळ्यांच्या पाठीच दिसल्या. मी वरण-भात घेऊन गेले आणि कुंपणावरून दिला. त्यांनी रडणं वगैरे काही केलं नाही. म्हणाल्या, त्या गावात मला आता मतही नाही, देश सोडला की तिकडे मताचा हक्क जातो. इकडे मात्र मत दिलं नाही तर दंड करतात. मग त्यांनी आणखी चार पानं दिली. मी विचार केला की माझंही तेच झालंय. इथलं नागरिकत्व घेतलं आणि कोथरूडच्या यादीतून मी उडाले. बाबा अजून दर निवडणुकीला तिथल्या शाळेत जाऊन बोटाला शाई लावून येतात आणि फोटो पाठवतात.

बाबांचा पुढचा प्रश्न मला अनपेक्षित होता. जहागीरदार वाईट माणूस होता का?

मी बाईंना विचारलं. म्हणाल्या, शेवटचा तरी वाईट नव्हता. तिथेच खरी अडचण आहे. राहायचा लंडनला, पण गावावर त्याचा जीव होता. विहीर बांधली, रस्त्याच्या कडेनं झाडं लावली, मुलांना शाळा दिली. पूर येऊन गाव बुडायचं म्हणून दगडी गटार काढलं, ते अजून चालतं. गावाला काय हवं ते त्याला गावापेक्षा जास्त कळतं अशी त्याची खात्री होती, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा गटाराचं गाळलं. का गाळलं, मला सांगता येणार नाही. मग लगेच स्वतःचाच राग आला आणि तेही सांगितलं. बाबा म्हणाले, गटार चांगलं बांधलं असेल तर त्याला मार्क द्यायला हवेत. अर्धे.

मग शेवटची पानं आली. आयर्लंडची पार्लमेंट बंद करून लंडनच्या पार्लमेंटमध्ये मिसळायचं ठरलं. इतक्या लहान गावांना वेगळे खासदार कशाला, म्हणून असे कितीतरी मतदारसंघ रद्द झाले. सरकारनं भरपाई दिली. बाबांनी विचारलं, गावाला? मी म्हटलं, नाही, जहागीरदाराला. त्याची मालमत्ता गेली ना. ज्यांचा मतदारसंघ गेला त्यांना कोणी काही दिलं नाही, आणि गावात त्या दिवशी काही घडलंही नाही. बाजार भरला, उठला. नगरसभा पुढे काही वर्षं नावाला राहिली. काम काहीच नव्हतं. मग तीही संपली.

बाबा या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "एक शेवटचं विचारून ये. गावातल्या लोकांना हे कधी कळलं?"

शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ गाडी घेऊन जाणार होता. मी कुंपणाशी गेले. बाई झाडू घेऊन पानं गोळा करत होत्या. मी प्रश्न सांगितला तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी काहीतरी बावळटपणा केलाय. कधी कळलं म्हणजे काय? जहागीरदार यायचा तेव्हा त्याचं जेवण रांधणारी बाई गावातली. घोडे धुणारा गावातला. खाणावळीत वरच्या खोलीत दारू नेऊन देणारी पोरगी गावातली. वर बसून पंचांनी ठरवलं की ते जिन्यावरून खाली चुलीपाशी पंचांच्या आधी पोचायचं. सगळ्यांना सगळं नेहमीच माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ते बोलले नव्हते.

मी आत येऊन फोन लावला आणि शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडे शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"मलाही माहीत आहे," बाबा म्हणाले.

मला वाटलं त्यांनी कुठेतरी हे वाचलं असेल. मी विचारलं, कोणत्या पुस्तकात?

"तळेगावचं म्हणतोय मी. डबेवाल्या बाईंनी जूनमध्येच सांगितलं. म्हणजे त्यांना वाटलं मला माहीत असणार. डबा कुठल्या तारखेपासून बंद करायचा, ते विचारायला आल्या होत्या."

लाज वाटली, पण त्याआधी राग आला. डबेवाल्या बाईंचा, आत्याचा, त्या जहागीरदाराचा, आणि इतके आठवडे मला कुंपणापर्यंत पळवणाऱ्या माझ्या बापाचा. मग मी बोलायला लागले. एप्रिलमध्ये मी इथे कशी होते, तो आकडा खाली जाताना बघणं म्हणजे काय, फोन उचलला नाहीत तर मी काय काय समजते, जिना, बाथरूम, पुढची लाट, आणि विमानं अजून बंद आहेत, आणि मी येऊ शकत नाही, येऊच शकत नाही. बाबांनी मधे एक शब्द टाकला नाही. वर्गात मूल रडत उत्तर देत असेल तर ते असेच थांबायचे.

मी थांबल्यावर म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे. पण तू मला विचारलं नाहीस."

मी म्हटलं, मग आता विचारते.

"विचार."

आणि मला विचारता येईना. त्या निवासाबद्दल मी ग्रुपवर पानंच्या पानं लिहिली होती. खोलीची दिशा, नर्सची शिफ्ट, पथ्याचं जेवण. पण हे एक वाक्य मी कधी मनातसुद्धा जुळवलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही तिकडे राहायला जाल का?"

"उद्या हवापालट म्हणून न्यायला आला असता तर गेलो असतो," ते म्हणाले. "बॅग भरून ठेवली आहे. म्हटलं, तुला तिकडे झोप तरी लागेल. पण आता विचारलंस, तर खरं सांगायला पाहिजे. मला नाही जायचं."

का, असं मी विचारलं. वाद घालायलाच विचारलं, माझे मुद्दे तयार होते.

"इथे जिन्यात भेटणारा माणूस मला सर म्हणतो. तिथे मी सगळ्यांचा आजोबा होईन."

मी तरी बोलत राहिले, सवय म्हणून. त्यांनी बऱ्याच गोष्टी मान्य केल्या. दिवसा एखादी बाई घरात असायला त्यांची हरकत नव्हती. एक किल्ली सेक्रेटरींकडे ठेवायलाही तयार झाले. फक्त त्यांच्या त्या चांगल्या जोडप्याला घर दाखवू नये, म्हणाले. तेही त्यांना माहीत होतं. एप्रिलमध्ये त्यांनाही फार भीती वाटली होती, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, या विचारानं बोलले नव्हते. मग दूध उतू जातंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बाहेर गेले नाही. तिथेच बसून मावसभावाला लिहिलं, उद्या गाडी आणू नकोस. बाबांना विचारलं, ते नाही म्हणाले.

त्याचं उत्तर लगेच आलं. 'अगं, पण त्यांना विचारलंस कशाला?'